हायड्रोजेलच्या गाभ्यातल्या पेशी मॉडेलमध्ये जिवंत, प्लेटमध्ये मेलेल्या: कुठे बिनसतंय?

गाभा_३मिमी

हाडातली पोकळी भरण्यासाठीच्या जेलचं मॉडेल करतोय. मांडणी अशी: २ टक्के अल्जिनेट, त्यात अस्थिमज्जेतल्या मानवी एमएससी (मेसेन्कायमल मूलपेशी), दर मिलिलिटरला १ कोटी. चकती ८ मिमी व्यासाची आणि ३ मिमी जाड. २४ वेलच्या (खळग्यांच्या) प्लेटमध्ये वेलच्या तळाशी एक चकती, वर १ मिली अल्फा-एमईएम हे पेशी वाढवायचं माध्यम, १० टक्के सीरम. ३७ अंश, ५ टक्के कार्बन डायऑक्साइड, शेकर नाही. माध्यम दर तीन दिवसांनी बदलतो.

मॉडेल फेनिक्समध्ये (समीकरणं जाळीवर सोडवणारं सॉफ्टवेअर), अक्षसममित. चकतीत ऑक्सिजनचं प्रसरण (डिफ्यूजन) आणि मायकेलिस-मेंटेन खप, म्हणजे ऑक्सिजन कमी झाला की घटत जाणारा. जेलमधला प्रसरणांक सेकंदाला २००० चौरस मायक्रॉन, खप दर पेशी तासाला १०० फेम्टोमोल, केएम (ज्या संहतीला खप निम्मा होतो ती) ५ मायक्रोमोल; इथून पुढे संहती सगळीकडे दर लिटरला. चकतीच्या सगळ्या पृष्ठभागांवर ०.२ मिलिमोल ही ठाम किंमत. स्थिर अवस्थेत अगदी मध्यावर साधारण ०.०६ मिलिमोल येतं, म्हणजे पेशी मरायचं कारणच नाही.

तिसऱ्या दिवशी चकती उभी मधोमध कापून कॅल्सिन आणि इथिडियमने रंगवली (जिवंत पेशी हिरव्या, मेलेल्या लाल) की वरचा दीड ते दोन मिमी थर हिरवा दिसतो आणि खाली तळाला टेकलेला लाल पट्टा. खप दुप्पट करून पाहिला, तर मॉडेलमध्येही गाभा मरतो, पण तो बरोबर मधोमध मरतो, तळाशी नाही. गणिताची जाळी (मेश) बारीक केली, फरक नाही.

आणखी एक, कदाचित गैरलागू असेल: दुसऱ्या दिवशी सकाळी माध्यम केशरी झालेलं असतं आणि तिसऱ्या दिवसापर्यंत तसंच राहतं. पिवळं होत नाही.

खपाच्या समीकरणात काही राहिलंय का? की पेशीमृत्यूचं वेगळं समीकरण जोडायला हवं?

ताळेबंद

समीकरण ठीक आहे. चुकलंय ते कडांचं गणित. मॉडेल बाजूला ठेवा आणि आधी कागदावर जमाखर्च मांडा.

मागणी: चकतीचं आकारमान ०.१५ मिली, म्हणजे १५ लाख पेशी. तुमच्याच खपाच्या आकड्याने तासाला १५० नॅनोमोल ऑक्सिजन.

पुरवठा: २४ वेलच्या प्लेटमधल्या एका वेलचं क्षेत्रफळ सुमारे १.९ चौरस सेंमी. १ मिली माध्यम आणि चकती मिळून पातळी ६ मिमीवर जाते. म्हणजे चकतीच्या डोक्यावर ३ मिमी न हलणारं पाणी. पाण्यात ३७ अंशाला ऑक्सिजनचा प्रसरणांक सेकंदाला २७०० चौरस मायक्रॉन धरा. वरच्या पृष्ठभागावर ०.२ मिलिमोल आणि चकतीच्या माथ्याच्या पातळीवर पूर्ण शून्य, तेही अख्ख्या वेलच्या रुंदीभर, असं सर्वात उदार गृहीत धरलं तरी तासाला जेमतेम १२० नॅनोमोल खाली उतरतात. मागणी १५०, पुरवठ्याची कमाल मर्यादा १२०. आडातच नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार?

माध्यमात आधीच विरघळलेला साठा २०० नॅनोमोल, तो सव्वा तासात संपतो. तेव्हा चकतीच्या पृष्ठभागावर ०.२ मिलिमोल ही अट पहिल्या तास-दोन तासांनंतर कधीच खरी नसते. ती अट फक्त हवा आणि माध्यम जिथे भेटतात तिथे लावायची.

तळाबद्दल. पॉलिस्टायरिनच्या तळातून झिरपणारा ऑक्सिजन या मागणीपुढे नगण्य आहे. तिथे शून्य प्रवाह लावा. तुमच्या मॉडेलमध्ये तळही ०.२ वर बांधलाय, म्हणून चकतीला दोन्ही बाजूंनी पोसलं जातंय आणि निम्मी जाडी १.५ मिमी धरली जातेय. खरी जाडी ३ मिमी. थीले गुणांकाचा (खप प्रसरणापुढे किती भारी, ते सांगणारा आकडा) वर्ग काढा: खप गुणिले जाडीचा वर्ग, भागिले प्रसरणांक गुणिले कडेची संहती. शून्य घाताच्या खपासाठी तो २ च्या वर गेला की ऑक्सिजन तळापर्यंत पोचत नाही. १.५ मिमीला तुमचं उत्तर १.६ येतं, ३ मिमीला सव्वासहा. बाजूच्या कडेची मदत धरूनही तळाचा मध्य शून्यावरच राहतो. तुमचा लाल पट्टा तळाला चिकटलेला आहे तो यामुळेच. खप वाढवून तो मधोमधच दिसणार, कारण मॉडेलच वर-खाली सारखं आहे.

म्हणून मॉडेलच्या हद्दीत अख्खी वेल घ्या: त्रिज्या ७.८ मिमी, उंची ६ मिमी, तळाशी मध्यावर ४ मिमी त्रिज्येची चकती. माध्यमात २७००, जेलमध्ये २०००. वर ०.२, भिंती आणि तळ शून्य प्रवाह, जेल-माध्यम सीमेवर संहती आणि प्रवाह दोन्ही सलग.

एक पुस्ती: माध्यम पूर्ण स्थिर कधीच नसतं. इन्क्युबेटरच्या पंख्याची थरथर असते, बाष्पीभवनाने वरचा थर किंचित गार होऊन खाली बसतो, त्यामुळे खरा पुरवठा नुसत्या प्रसरणापेक्षा थोडा जास्त असू शकतो. पण किती जास्त, हे प्लेट कुठल्या फळीवर ठेवली यावर बदलतं. त्यावर मॉडेल उभं करू नका. माध्यमाच्या थराची "परिणामी जाडी" हा एक अनिश्चित राशी म्हणून ठेवा आणि १ ते ३ मिमीमध्ये फिरवून बघा.

जाळीवाला

वरच्यात भर. ०.२ हा आकडाही सगळे डोळे झाकून टाकतात. इन्क्युबेटरमध्ये २१ टक्के ऑक्सिजन नसतोच. ३७ अंशाला बाष्पाचा दाब ४७ मिमी पारा, उरलेल्यात ५ टक्के कार्बन डायऑक्साइड. समुद्रसपाटीला हिशेब होतो १४२ मिमी पारा, म्हणजे १८.६ टक्के. पुण्यात ५६० मीटर उंचीवर हवेचा दाबच ७१२ च्या आसपास असतो, तिथे १३२. संहतीत सांगायचं तर मुंबईत ०.१९ आणि पुण्यात ०.१८ मिलिमोल. सात टक्क्यांचा फरक, जीव जाण्याइतका नाही, पण सेन्सर कुठे कॅलिब्रेट केला आणि मॉडेलमध्ये कोणता आकडा टाकला हे जुळायला हवं. सेन्सर टक्के दाखवतो, पेपर मिमी पाऱ्यात असतो, मॉडेल मिलिमोलमध्ये. सगळ्यात जास्त घोटाळे इथेच होतात.

आता सॉल्व्हर. वेल धरून गणित लावलंत की चकतीत मोठा भाग शून्याजवळ जाईल, आणि तिथे मायकेलिस-मेंटेन त्रास देतं. उत्तराकडे फेऱ्याफेऱ्यांनी सरकणाऱ्या न्यूटनच्या पद्धतीत एखाद्या फेरीत संहती उणे झाली आणि उणे केएमच्या जवळ पोचली की छेद शून्य होतो, उत्तर उडतं. तीन गोष्टी करा. खपाच्या समीकरणात संहतीऐवजी "संहती आणि शून्य यांतलं मोठं" वापरा, शक्यतो कोपरा गुळगुळीत करून. खप एकदम पूर्ण लावू नका; १० टक्क्यांपासून सुरू करून टप्प्याटप्प्याने वाढवा आणि आधीचं उत्तर पुढच्या टप्प्याची सुरुवात म्हणून द्या. आणि जाळी: ऑक्सिजन संपतो त्या सीमेची रुंदी म्हणजे प्रसरणांक गुणिले केएम भागिले खप, याचं वर्गमूळ. केएम ५ मायक्रोमोल असेल तर १९० मायक्रॉन येतात, १ असेल तर ८५. त्या पट्ट्यात घटकाचा आकार ४० मायक्रॉनपेक्षा मोठा नको. इतर ठिकाणी २०० चालेल. पूर्ण हद्दीत बारीक जाळी टाकून वेळ घालवण्यात अर्थ नाही.

कालावलंबी सोडवायची गरज ऑक्सिजनसाठी नाही. ३ मिमी माध्यमाला प्रसरणाचा वेळ तासाभराचा, जेलला सव्वा तासाचा. पेशींची संख्या दिवसांत बदलते. म्हणून ऑक्सिजन दर टप्प्याला स्थिर अवस्थेत सोडवा, बाकीचं काळानुसार पुढे न्या.

गाभा_३मिमी

दोघांचेही आभार. अख्खी वेल धरून चालवलं. मृत भाग आता तळाशीच येतोय, आकारही तसाच. पण आता मॉडेल गरजेपेक्षा जास्त मारतंय. ऑक्सिजन वरच्या जेमतेम पाऊण मिमीत आणि कडेला उरतो, बाकी सगळं शून्य. रंगवलेल्या कापात मात्र वरचे दीड-दोन मिमी हिरवे आहेत. खप कमी करून जुळवून टाकू का? दर पेशी ३० फेम्टोमोल केला की जवळपास बरोबर बसतंय.

ताळेबंद

जुळेल, पण ते बरोबर आहे का हे त्यातून कळणार नाही. एकमितीय हिशेब बघा. ऑक्सिजन जेलमध्ये जितका खोल जातो ती खोली मिमीमध्ये घ्या. तुमच्या आकड्यांना खोली अधिक ०.२२५ गुणिले खोलीचा वर्ग, बरोबर ०.६५. उत्तर ०.५७ मिमी. खप ३० केला की उजवीकडे २.१६ येतात, खोली १.६ मिमी. तुमचं निरीक्षण या दुसऱ्या आकड्याशी जुळतं, हे खरं.

पण मग दोन कहाण्या तितक्याच चांगल्या बसतात. एक: पेशी तासाला ३० फेम्टोमोलच खातात आणि ऑक्सिजन संपला की मरतात. दोन: पेशी १०० खातात, ऑक्सिजन अर्ध्या मिमीतच संपतो, पण त्याखालच्या पेशी ऑक्सिजनशिवायही तग धरतात आणि दुसऱ्याच कशाने मरतात. तिसऱ्या दिवसाच्या एका कापावरून यांतली कुठली खरी ते सांगता येणार नाही. खप आणि प्रसरणांक तर स्थिर अवस्थेत भागाकाराच्या रूपातच येतात, ते दोन्ही एका चित्रातून सुटे निघतच नाहीत.

साखरचौथ

दुसरी कहाणी. तुमच्या प्रश्नातली "गैरलागू" ओळ सगळ्यात लागू आहे.

एमएससी ऑक्सिजनशिवाय लगेच मरत नाहीत. ग्लुकोज असेल तर जवळपास शून्य ऑक्सिजनमध्येही बरेच दिवस काढतात. ग्लुकोज संपलं की मरतात. मूलपेशी कलमांमध्ये पेशी का मरतात यावरच्या कामात हा मुद्दा पुन्हा पुन्हा आलाय, आणि तरी मॉडेलं ऑक्सिजनवरच थांबतात. कार्डिओमायोसाइट (हृदयस्नायूच्या पेशी) किंवा यकृतपेशी असत्या तर गोष्ट वेगळी होती, त्या ऑक्सिजन गेला की खरोखरच कोसळतात.

साठा मोजा. अल्फा-एमईएममध्ये ग्लुकोज ५.५ मिलिमोल, १ मिलीत ५.५ मायक्रोमोल. एमएससीचा खप दिवसाला दर पेशी ५ ते १५ पिकोमोल या पट्ट्यात धरा. १५ लाख पेशींना दिवसाला ७.५ ते २२ मायक्रोमोल लागतात. म्हणजे वेलमधलं ग्लुकोज ६ ते १८ तासांत संपलं. माध्यम तुम्ही बदलता ७२ तासांनी.

आता रंगाकडे बघा. ५.५ मिलिमोल ग्लुकोजपासून जास्तीत जास्त ११ मिलिमोल लॅक्टेट. अल्फा-एमईएममध्ये बायकार्बोनेट २६ मिलिमोल, ५ टक्के कार्बन डायऑक्साइडला सामू ७.४८ च्या आसपास. ११ मिलिमोल आम्ल आलं की बायकार्बोनेट १५ वर, सामू ७.२५. फिनॉल रेड (माध्यमातला सामू दाखवणारा रंग) त्याला केशरी असतो. पिवळा व्हायला सामू ६.८ च्या खाली जायला हवा, त्यासाठी २० मिलिमोलहून जास्त लॅक्टेट लागतं, आणि ते बनवायला साखरच उरलेली नाही. केशरी होऊन तिथेच थांबणं म्हणजे पहिल्या चोवीस तासांत ग्लुकोज संपल्याची खूण. माध्यम केशरीवर थांबलं की लोक खूश होतात, "आम्ल फार झालं नाही" म्हणून. उलट आहे.

तळाशीच का, याचंही उत्तर यात आहे. ग्लुकोजलाही तळ बंदच. जेलमध्ये ग्लुकोजचा प्रसरणांक सेकंदाला ६०० चौरस मायक्रॉन धरला तर ३ मिमीला थीलेचा वर्ग ५ पिकोमोलला १.६ आणि १५ पिकोमोलला पावणेपाच. म्हणजे वरच्या टोकाला माध्यम ताजं असतानाच तळाला ग्लुकोज पोचत नाही. आणि ऑक्सिजन नसलेल्या थरात पेशी ग्लुकोज जास्त जाळतात. ढोबळ हिशेब करा: तासाला १०० फेम्टोमोल ऑक्सिजन म्हणजे दिवसाला २.४ पिकोमोल, त्यात ग्लुकोज ०.४ पिकोमोलच जळतं. बाकीचं सगळं लॅक्टेट. ऊर्जा मात्र दोन्हीकडून जवळपास निम्मी-निम्मी येते, म्हणून ऑक्सिजन बंद झाला की तेवढीच ऊर्जा मिळवायला ग्लुकोजचा खप दुपटीच्या आसपास जातो. मॉडेलमध्ये हे जोडणं सोपं आहे: ग्लुकोजचा खप म्हणजे पायाचा खप गुणिले, "एक अधिक ऑक्सिजनच्या टंचाईचा अंश". ऑक्सिजन भरपूर असताना गुणक १, शून्यावर २. मृत्यूचं समीकरण ग्लुकोजवर बांधा, ऑक्सिजनवर नाही.

तीन राशी काळानुसार सोडवा: ग्लुकोज, लॅक्टेट, जिवंत पेशींची घनता. माध्यम बदलण्याच्या क्षणी माध्यमाच्या हद्दीतलं ग्लुकोज ५.५ आणि लॅक्टेट शून्य करा, पण जेलच्या आतलं तसंच ठेवा. ते विसरलं की मॉडेलमध्ये पेशींना दर बदलाला फुकटची मेजवानी मिळते.

ग्लुकोज २५ करून मोकळं व्हायचा मोह होईल. तसं करू नका. अल्फा-एमईएमचं बफर १३ मिलिमोल ग्लुकोजमध्येच संपतं, मग पेशी आम्लाने मरतील आणि पट्टा तसाच दिसेल.

जाळीवाला

साखरचौथ यांचं पटतं, पण खात्री मोजमापानेच होईल. दोन मोजमापं, दोन्ही स्वस्त.

पहिलं, वापरलेल्या माध्यमातलं ग्लुकोज ६, १२, २४, ४८ तासांना. घरगुती ग्लुकोमीटरच्या पट्टीवर चालतं, ५.५ मिलिमोल म्हणजे १०० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर. पट्ट्या अख्ख्या रक्तासाठी कॅलिब्रेट केलेल्या असतात, माध्यमाला वेगळंच वाचन देतात. त्याच माध्यमाचे २५, ५०, १०० चे प्रमाण नमुने करून आलेख काढा आणि त्यावरून वाचा. २० च्या खाली बरेच मीटर आकडा दाखवत नाहीत, तेवढं पुरे, संपलंय हे कळतं.

दुसरं, ऑक्सिजनचा खप, जेलमध्ये असलेल्या पेशींचाच. सपाट थरात वाढणाऱ्या एमएससीसाठी १०० च्या आसपासचा आकडा ठीक आहे, पण तो भरभर विभागणाऱ्या पेशींचा. जेलमध्ये विभाजन मंदावतं, हाडाकडे वळवल्यावर खप बराच खाली येतो. ३० अगदी शक्य आहे. मोजायची पद्धत: चकती अर्धा मिमीपेक्षा पातळ कापांमध्ये चिरा, ३ मिलीच्या बंद कुपीत घाला, आत ऑक्सिजनचा प्रकाशीय सेन्सर ठिपका, हळू चुंबकीय ढवळणी, हवेचा बुडबुडा अजिबात नको. १५ लाख पेशी १०० ने खात असतील तर कुपीतल्या ६०० नॅनोमोलमधले तासाला १५० जातील, ३० ने खात असतील तर ४५. चाळीस मिनिटांत उतार स्पष्ट दिसतो. पहिली दहा मिनिटं तापमान स्थिरावण्यात जातात, ती सोडा. पेशी नसलेलं जेल घालून तसाच प्रयोग करा आणि तो उतार वजा करा, कारण प्लास्टिकची कुपी स्वतःच ऑक्सिजन सोडते. काच असेल तर उत्तम.

अख्खी चकती कुपीत टाकू नका. मग मोजला जातो तो पेशींचा खप नसतो, प्रसरणाने अडवलेला खप असतो, आणि तो मॉडेलमध्ये घातला की प्रसरण दोनदा मोजलं जातं. ही चूक छापलेल्या मॉडेलांतही भेटते.

नवखी_मॉडेलर

मध्येच विचारते. यापेक्षा फिजिसेलमध्ये एकेक पेशी धरून केलं तर मृत्यू, विभाजन सगळं आपोआप येणार नाही का? तिथे ऑक्सिजन आधीच जोडलेला असतो.

ताळेबंद

जोडलेला असतो, पण कर्करोगाच्या गाठींच्या ऊतीसाठी. ऑक्सिजनची मूळ किंमत ३८ मिमी पारा, तुमच्या वेलमध्ये १४० च्या आसपास सुरुवात. प्रसरणांक मिनिटाला १ लाख चौरस मायक्रॉन, म्हणजे सेकंदाला १६६७, तो चालेल. पण पेशींचा खप तिथे रेषीय आहे, मिनिटाला १० हा दर. ऑक्सिजन वाढला तसा खपही वाढत जातो. १४० मिमी पाऱ्याला पेशी त्यामुळे अवास्तव खातील. शिवाय पार्श्वभूमीला मिनिटाला ०.१ चा ऱ्हास असतो, जो आसपासच्या ऊतीची बदली म्हणून ठेवलाय. माध्यमात तो शून्य करायला हवा. आणि एककं: मायक्रॉन, मिनिट, मिमी पारा.

या प्रश्नाला १५ लाख पेशी एकेक धरण्याची गरजही नाही. पेशी हलत नाहीत, एकमेकींना ढकलत नाहीत, अल्जिनेटला चिकटतही नाहीत. घनतेचं सलग समीकरण पुरतं. पेशी स्थलांतर करायला लागल्या, रक्तवाहिन्या फुटायला लागल्या, की मग तिकडे जा.

गाभा_३मिमी

ग्लुकोज आणि ऑक्सिजन या दोन कहाण्या वेगळ्या करायला प्रयोग कसा लावू? माध्यमाची उंची कमी केली तर ऑक्सिजन वाढतो, पण ग्लुकोजचा साठाही घटतो. दोन्ही एकदम बदलतात.

साखरचौथ

बरोबर, म्हणून उंचीला हात लावू नका. चार गट करा, सगळ्यांत १ मिली.

पहिला आहे तसा. दुसऱ्यात ग्लुकोज ११ मिलिमोल आणि २० मिलिमोल हेपीस (सामू टिकवणारं बफर), कारण नुसतं ग्लुकोज वाढवलं तर लॅक्टेट २२ वर जाऊन सामू ६.७ ला पडेल आणि पुन्हा गोंधळ. पहिल्या गटात तेवढाच परासरण दाब यावा म्हणून पेशी खात नाहीत असं मॅनिटॉल घाला. तिसरा गट तळाला वायू आरपार जाऊ देणारा पडदा असलेल्या प्लेटमध्ये, माध्यम पहिल्यासारखंच: इथे फक्त ऑक्सिजन बदलतो, आणि तोही नेमका तळाशी. चौथ्यात दोन्ही.

तिसऱ्या गटात तळ हिरवा झाला आणि दुसऱ्यात नाही, तर ऑक्सिजन. दुसऱ्यात पट्टा आक्रसला आणि तिसऱ्यात फारसा नाही, तर ग्लुकोज. माझा अंदाज, तिसऱ्यातही पट्टा थोडा आक्रसेल, कारण ऑक्सिजन मिळाला की ग्लुकोज पुरवून वापरलं जातं. मॉडेलने ही आक्रसण्याची मात्रा आधी सांगायला हवी. पहिल्या दोन गटांवर राशी बसवा, तिसरा आणि चौथा बसवताना बघू नका, फक्त पडताळ्याला ठेवा.

ताळेबंद

पडताळ्यात दोन खड्डे आहेत, दोन्ही तिसऱ्या दिवसाचे.

ऑक्सिजन मोजणारी सुई तिसऱ्या दिवशी घातली तर गाभ्यात ऑक्सिजन बरा दिसू शकतो. खाणारेच मेले, मग शिल्लक राहणारच. त्यावरून "ऑक्सिजन कमी नव्हता" असा निष्कर्ष काढला जातो. सुई पेरणीनंतर ६ ते १२ तासांत घाला, तेव्हा पेशी सगळ्या जिवंत असतात आणि ऑक्सिजनची स्थिती स्थिरावलेली असते. मॉडेलमध्येही तोच क्षण काढून तुलना करा.

दुसरा रंगाईचा. आधी कापा, मग रंगवा. अख्खी चकती रंगात बुडवली तर कॅल्सिन बाहेरच्या पेशींतच खर्ची पडतं, आतल्या जिवंत पेशी काळ्या दिसतात. कॉन्फोकल सूक्ष्मदर्शक वरून खाली १०० ते २०० मायक्रॉनपलीकडे विश्वासाने बघत नाही, त्यामुळे काप हवाच. आणि अल्जिनेट फॉस्फेट बफरमध्ये धुऊ नका, फॉस्फेट कॅल्शियम ओढून घेतं, जेल फुगून काप विरघळायला लागतो. २ मिलिमोल कॅल्शियम घातलेलं हेपीस-सलाइन वापरा. तसंही तिसऱ्या दिवशी चकतीची जाडी कॅलिपरने मोजा. ३ मिमीचे ३.४ झाले असतील तर जाडीच्या वर्गामुळे थीलेचा वर्ग जवळपास तीस टक्के वाढतो, पण फुगण्याने पेशींची घनताही पातळ होते: फक्त जाडीत फुगली तर निव्वळ वाढ तेरा टक्केच, सगळ्या बाजूंनी सारखी फुगली तर उलट थोडी घट. म्हणून व्यासही मोजा.

गाभा_३मिमी

गट लावतो. शेवटचं: कारण काहीही निघालं तरी प्रत्यक्षात पेशी जगवायच्या आहेत. चकती ट्रान्सवेल इन्सर्टवर (सच्छिद्र पडद्याचा तळ असलेली छोटी वाटी) उचलून ठेवली तर तळ उघडा पडेल ना?

जाळीवाला

पडेल, पण २४ वेलचं इन्सर्ट साडेसहा मिमीचं असतं, तुमची ८ मिमीची चकती त्यात बसणार नाही. १२ वेलच्या प्लेटवर जा. तिथलं इन्सर्ट १२ मिमीचं, वेलचं क्षेत्रफळ ३.८ चौरस सेंमी, म्हणजे ऑक्सिजनचा दरवाजा दुप्पट, आणि माध्यम ३ मिली घालता येतं, म्हणजे ग्लुकोज साडेसोळा मायक्रोमोल. प्लेट ऑर्बिटल शेकरवर मंद फिरवा. फिरवल्यावर मॉडेलमध्ये माध्यमाची हद्द काढून टाकता येते. चकतीच्या पृष्ठभागावर रॉबिन अट (प्रवाह हा संहतीच्या फरकाच्या प्रमाणात) लावा, तिथला वस्तुमान-स्थानांतर गुणांक म्हणजे प्रसरणांक भागिले स्थिर थराची जाडी. ही जाडी पुस्तकातून उचलू नका, चकतीच्या पृष्ठभागावर सेन्सर ठेवून एकदा मोजा. इन्सर्टचा पडदाही स्वतंत्र अडथळा आहे, त्याच्या सच्छिद्रतेने प्रसरणांक गुणून तळाच्या बाजूला वेगळा गुणांक द्या. ०.४ मायक्रॉन छिद्रांच्या पडद्याची सच्छिद्रता बरीच कमी असते, ८ मायक्रॉनच्याही फार जास्त नसते, त्यामुळे "तळ पूर्ण उघडा" असं धरलंत तर पुन्हा तीच चूक दुसऱ्या दिशेने होईल.

परफ्यूजनचा (माध्यम सतत वाहतं ठेवण्याचा) विचार असेल तर प्रवाह फार लागत नाही. १५० नॅनोमोल तासाला, आत-बाहेर ०.१ मिलिमोलचा फरक चालत असेल तर तासाला दीड मिली पुरतो, मिनिटाला २५ मायक्रोलिटर. अडचण अशी की अल्जिनेटमधून प्रवाह आरपार जात नाही, तो बाजूने वळसा घालतो. जेलमध्ये नलिका ओतून ठेवाव्या लागतील, आणि मग प्रश्न नलिकांमधल्या अंतराचा होतो, त्याचं गणित याच आकड्यांनी लागतं: दर मिलिलिटरला १ कोटी पेशी आणि १०० फेम्टोमोलला दोन्ही बाजूंनी पोसलेल्या थराची निम्मी जाडी १.७ मिमी, पण तीही कडेला ०.२ मिलिमोल खरोखर टिकलं तरच. शरीरात ४० मिमी पारा धरला तर ती ०.९ वर येते. पोकळीत बसवायच्या जेलसाठी हा दुसरा आकडा धरून अंतर ठरवा.